पंढरपूरहून एकट्यानं

जुलै 2024 ची गोष्ट. बेळगाव जिल्ह्यात, निपाणी तालुक्यातल्या यमगर्णी गावात एका घरासमोर एक काळं कुत्रं येऊन उभं राहिलं आणि शेपूट हलवू लागलं. एवढ्यावर काही बातमी होत नाही. पण हे कुत्रं पंढरपुरात हरवलं होतं, आणि पंढरपूर तिथून साधारण अडीचशे किलोमीटर लांब आहे.

त्याचं नाव महाराज. मालक आषाढी-कार्तिकीचा वारकरी. जूनच्या अखेरीस ते पायी निघाले तसा महाराजही मागोमाग निघाला. त्याला भजन ऐकायला आवडतं, असं मालक सांगतात. पंढरपुरात मालक विठोबाचं दर्शन घेऊन बाहेर आले, तर महाराज गायब. शोधाशोध केली, चार जणांना विचारलं. लोक म्हणाले, तो दुसऱ्या एका दिंडीमागं गेला. शेवटी 14 जुलैला मालक एकटेच घरी परतले, आणि दुसऱ्या दिवशी महाराज दारात हजर. अंगानं धडधाकट, पोट भरलेलं, जणू शेजारच्या गल्लीतून येतोय. गावानं त्याला हार घातला, पंगत बसवली. पांडुरंगानंच वाट दाखवली, असं मालकांचं म्हणणं.

मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. फक्त पांडुरंगानं ही वाट दाखवायला कुत्र्याच्या अंगात कायकाय ठेवलंय, ते पाहू लागलं की थक्क व्हायला होतं.

बुलडाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या आमच्या उंद्रीच्या लोकांना पायी चालण्याचं अप्रूप नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी सातशेहून जास्त किलोमीटर तुडवत पंढरपुरात पोचते, हे इथल्या लेकरालाही माहीत असतं. अप्रूप आहे ते एकट्यानं, न विचारता, पाटी न वाचता परत येण्याचं. कारण कुत्रं हरवलं की माणसाचं काय होतं, हे गावानं पुष्कळदा पाहिलंय.

संध्याकाळी भाकरीचा तुकडा तसाच पडून राहतो, तिथून सुरुवात होते. आधी कुणी मनावर घेत नाही. मग म्हातारी म्हणते, "सकाळपासून दिसला नाही तो." मग कोठ्यात बघतात, शेजारच्या ओट्यावर बघतात, "यू यू यू" करत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. पोरगं मोटरसायकल काढून वावराकडं जातं, धुऱ्यावर उभं राहून हाका मारतं. एव्हाना अंधार पडलेला असतो आणि डोक्यात नको ते सुरू होतं: रस्त्यावरचा ट्रक, कुणी रानडुकरांसाठी टाकलेलं काहीबाही, बिबट्या. गावाच्या ग्रुपवर फोटो पडतो. तो बहुतेक वेळा एखाद्या लग्नातला असतो. त्यात नवरदेव ठळक आणि कोपऱ्यात कुत्र्याचं अर्धं तोंड. खाली लिहिलेलं, "कोणाले दिसल्यास सांगा भाऊ." त्यावर उत्तर येतं, "स्टँडवर पाहिला होता." दुसरा म्हणतो, "तो नव्हे, तो आमचा."

बिबट्याची भीती उगीच नसते. बुलडाणा आणि खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात बिबटे आहेत आणि बिबट्याला कुत्रं आवडतं. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. 2014 साली तो छापून आला. उसात आणि गावाच्या कडेला राहणाऱ्या त्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं सगळ्यांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, सुमारे 39 टक्के. तेव्हा रात्री अंगणात फेऱ्या मारणाऱ्या म्हातारीला कुणी वेडी म्हणू नये.

आता कुत्र्याच्या बाजूनं पाहू.

आपण शोधतो ते डोळ्यांनी. समोर नसलं की आपल्यासाठी ते नाहीच. कुत्र्याचं जग आधी नाकातून येतं, आणि त्या जगात जे इथं होतं तेही अजून थोडं इथंच असतं. सकाळी सहाला रस्त्यानं गेलेला माणूस आठ वाजता डोळ्यांच्या जगातून केव्हाच गेलेला असतो. नाकाच्या जगात तो जरासा फिका झालेला, एवढंच. कुत्रं जे हुंगतं तो एका परीनं काळच.

हे काव्य वाटत असेल, तर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातला प्रयोग ऐका. पीटर हेपर आणि डेबोरा वेल्स यांचा हा प्रयोग 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गालिच्याचे चौकोनी तुकडे ओळीनं मांडले आणि एका माणसाला प्रत्येक तुकड्यावर एकेक पाऊल टाकत जायला सांगितलं. नंतर कुत्र्याला आडव्या बाजूनं त्या वाटेवर आणलं. प्रश्न असा की माणूस डावीकडं गेला की उजवीकडं? पाहणाऱ्याला वाटेवर काहीच दिसत नाही. मग संशोधक पावलं कमी करत गेले. 21 पासून सुरुवात झाली आणि शेवटी कळलं की तरबेज कुत्र्याला पाच पावलं पुरतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पहिलं पाऊल आणि पाचवं पाऊल यांच्यात फार तर दोन-चार सेकंदांचं अंतर. त्या दोन-चार सेकंदांत पहिल्या पावलाचा वास पाचव्यापेक्षा किंचित जास्त उडून गेलेला असतो. हा फरक कुत्र्याचं नाक पकडतं. कोणतं पाऊल जुनं आणि कोणतं ताजं हे कळलं की वाट कुठून कुठं जाते ते आपसूक कळलं. पाण्याच्या डबक्यातून दोन क्षणांत किती पाणी उडून गेलं, हे नुसतं बघून सांगण्यासारखं आहे हे.

त्या नाकाची रचनाही तशीच. हुंगताना कुत्रं सेकंदाला पाचेक वेळा हवा आत-बाहेर करतं. आत घेताना समोरून घेतं आणि सोडताना नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून मागं सोडतं. त्यामुळं पुढचा वास आपल्याच श्वासानं विस्कटत नाही. नाकपुडीच्या कडेची ती स्वल्पविरामासारखी चीर तुम्ही रोज पाहता. ती कशासाठी आहे, हे मात्र आपण कधी विचारलेलं नसतं. वास ओळखणारी चालू स्थितीतली जनुकं माणसात चारशेच्या आसपास आणि कुत्र्यात आठशेच्या. आणि त्या वासांत घरच्या माणसाचा वास वेगळ्या खणात ठेवलेला असतो. अमेरिकेत ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात शांत पडून राहायला शिकवलं आणि त्यांच्यासमोर वेगवेगळे वास धरले. घरच्या माणसाच्या वासाला मेंदूतला काही चांगलं मिळणार अशा अपेक्षेनं जागा होणारा भाग सगळ्यांत जास्त जागा झाला. माणूस तिथं नव्हता, फक्त त्याचा वास होता.

तर मग महाराज आपल्याच पावलांच्या वासावरून परत आला का? थोडा भाग तसा असेल. तो वाहनातून नव्हे, पायी गेला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ओढे, मुक्काम, ओळखीचे उकिरडे, कुठं भाकरी मिळाली आणि कुठं गावकुत्र्यांनी पिटाळलं, हे सगळं त्याच्या अंगाखालून गेलेलं होतं. पण आषाढीच्या दिवसांत त्याच रस्त्यानं अगणित पायांची, वर पावसाची, आणि त्याच्यावर ट्रक-ट्रॅक्टरची वर्दळ. नुसत्या वासाच्या दोऱ्यावर अडीचशे किलोमीटर येणं कठीण. दुसरं काहीतरी हाताशी असलं पाहिजे.

ते दुसरं काहीतरी झेक देशातल्या जंगलात सापडलं. प्रागच्या कृषी विद्यापीठातल्या कातेर्झिना बेनेडिक्टोवा, हिनेक बुर्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 27 शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधले आणि 2014 ते 2017 या काळात त्यांना पुन्हा पुन्हा जंगलात मोकळं सोडलं. कुत्रं एखाद्या प्राण्याच्या मागं धावत जायचं, मालक झाडीत दिसेनासा व्हायचा आणि मग ते परत यायचं. अशा सहाशेहून अधिक फेऱ्यांचे नकाशे जमले. निम्म्याहून जास्त वेळा, सुमारे 59 टक्के, कुत्रं आल्या वाटेनंच परत आलं, म्हणजे नाकाचा भरवसा. पण साधारण एक तृतीयांश वेळा ते भलत्याच, कधी न पाहिलेल्या वाटेनं थेट मालकाकडं आलं.

आणि इथं एक गंमत दिसली. नव्या वाटेनं येणारी बहुतेक कुत्री निघण्याआधी एक छोटी धाव घेत होती, वीसेक मीटरची, उत्तर-दक्षिण रेषेवर. मालक पूर्वेला असो की पश्चिमेला, आधी ही उत्तर-दक्षिण धाव, मग वळण आणि मग घरचा रस्ता. ज्यांनी ती धाव घेतली त्यांचा परतीचा मार्ग जास्त सरळ निघाला. संशोधकांचा अंदाज असा की कुत्रं पृथ्वीच्या चुंबकत्वाशी आपल्या डोक्यातला नकाशा जुळवून घेत असावं. नकाशा हातात घेऊन आपण आधी तो उत्तरेकडं फिरवून धरतो ना, तसं. हा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला.

डोक्यात नकाशा असतो, हेही कुणी उगीच मानत नाही. 1987 साली फ्रेंच संशोधकांनी कुत्र्यांना दोन वेगवेगळ्या ठिकाणी लपवलेलं खाणं दोन वेगवेगळ्या वाटांनी नेऊन नुसतं दाखवलं. मोकळं सोडल्यावर कुत्री पहिल्या ठिकाणाहून परत फिरली नाहीत. झुडपांतून, जिथं काही दिसत नव्हतं अशा नव्याच आडवाटेनं ती थेट दुसऱ्या ठिकाणी गेली. ही वाट त्यांना कुणी दाखवली नव्हती.

चुंबकत्व कळतं कशानं? 2016 साली जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांना कुत्र्याच्या डोळ्याच्या पडद्यात क्रिप्टोक्रोम-1 हे प्रथिन सापडलं. पक्ष्यांची दिशा कळण्याची शक्ती ज्या कुळातल्या प्रथिनांशी जोडतात, त्याच कुळातलं हे. त्यावरून लगेच कुत्र्याला उत्तर दिशा डोळ्यांना दिसते असं म्हणता येत नाही. ते काम अजून व्हायचंय. पण याच बुर्डांच्या गटानं 2013 साली 70 कुत्री कोणत्या दिशेला तोंड करून शौचाला बसतात, याच्या जवळजवळ एकोणीसशे नोंदी छापल्या होत्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना ती उत्तर-दक्षिण अंग धरून बसतात, असं त्यातून निघालं. त्याला पुढच्या वर्षी इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी सकाळी मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन पाहायला हरकत नाही. शेजारी काय म्हणतील, ते तुमचं तुम्ही बघा.

अशा परतीच्या कथा जगभर आहेत. त्यांतली सगळ्यांत लांब पल्ल्याची बहुधा बॉबी नावाच्या कुत्र्याची. ऑगस्ट 1923 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात तो प्रवासात हरवला आणि फेब्रुवारी 1924 मध्ये ओरेगॉनमधल्या सिल्व्हर्टन गावी आपल्या घरी पोचला. मध्ये चार हजारांहून जास्त किलोमीटर आणि एक हिवाळा. तो तर मोटारीतून गेला होता. नंतर लोकांनी मागोवा घेतला तेव्हा वाटेत त्याला खाऊ घालणारी, रात्री आसरा देणारी माणसं सापडत गेली. महाराज भरल्या पोटी पोचला, त्यामागंही अशीच माणसं असणार. वारीच्या वाटेवर कुत्र्याला उपाशी कोण ठेवतो? भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची ती वाट.

मात्र एक खरं. जे परत येतात त्यांची बातमी होते. जे येत नाहीत त्यांना हार कोण घालणार? म्हणून "येईल बघ आपोआप" म्हणून खाटेवर पडून राहणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या हजारभर घरांच्या पाहणीत, 2012 साली छापलेल्या, हरवलेल्या कुत्र्यांपैकी 93 टक्के परत मिळाली होती. हा आकडा ऐकून जीव भांड्यात पडतो खरा. पण आपणहून परतलेली होती पाचातलं एखादंच. जवळजवळ निम्मी मिळाली ती माणसं गल्लोगल्ली हिंडली म्हणून. तिथल्या गावकुसाला बिबट्या नसतो, हेही लक्षात ठेवावं.

हिंडायचं कुठं, हे कुत्रं का गेलं त्यावर ठरतं. भाद्रपदात नर गेला असेल तर फार काळजी करू नये, माजावर आलेल्या कुत्रीचा वास त्याला शेजारच्या गावापर्यंत घेऊन गेला असेल. तिथल्या घोळक्यात तो सापडेल, कान फाटलेला असेल एवढंच. दिवाळीतलं पळणं वेगळं. माणसाला वीस हजार हर्ट्झच्या वर ऐकू येत नाही, कुत्र्याला साधारण 45 हजारांपर्यंत येतं, आणि सुतळी बॉम्ब आपल्यालाच सोसत नाही. भ्यालेलं कुत्रं दिशा बघत नाही. सुटतं आणि पहिल्या अंधाऱ्या आडोशात शिरून बसतं: रस्त्याखालची मोरी, नाल्यातली झुडपं, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग, रिकामा कोठा. हाक ऐकू आली तरी ते बाहेर येत नाही, कारण त्या वेळी हाकही त्याला आवाजच वाटते. चार पोरं टॉर्च घेऊन ओरडत आली, तर आणखी आत सरकतं. घरच्या एकाच माणसानं जावं, जमिनीवर बसावं, हळू बोलावं. वारा आपल्या पाठीकडून त्याच्याकडं वाहील असं बसावं. बाकीचं त्याचं नाक करेल. अंगातून काढलेला, न धुतलेला सदरा जिथं ते शेवटचं दिसलं तिथं ठेवावा. पहाट आणि सांज चांगली: हवा गार आणि दमट असते, वास जमिनीलगत राहतो. भर दुपारी काळी जमीन तापली की तो हवेबरोबर वर उठून विरतो.

आणि शेततळी आधी बघा. हे मी ठासून सांगतो. कठडा नसलेल्या विहिरीत लोक डोकावतात, शेततळ्याकडं जात नाहीत. काठाचं प्लॅस्टिक उन्हात गुळगुळीत झालेलं असतं. कुत्रं पाणी प्यायला उतरतं, घसरतं, आणि मग कितीही पोहलं तरी नखं कुठंच रोवली जात नाहीत. ते काठाकाठानं फिरत राहतं आणि थकतं. कुत्र्याची दिशा चुकत नाही तिथं; फक्त वर चढायला काही नसतं. प्रत्येक शेततळ्यात गाठी मारलेला एक जाड दोर किंवा जुन्या टायरांची माळ काठाला बांधून सोडली, तर कुत्रं, रोही, साप, कधी माणसाचं लेकरूही त्याला धरून वर येईल. खर्च नसल्यासारखा.

लांबून चालत येण्याचंच म्हणाल, तर वर सांगितलेल्या ज्ञानगंगेतच डिसेंबर 2019 मध्ये एक वाघ येऊन पोचला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला. तेलंगणाला वळसा घालून, शेतांतून, रस्ते ओलांडून, पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर. तेव्हा आपल्या जिल्ह्यात त्याचीच चर्चा होती. पण तो नवं घर शोधत होता. नव्या घरासाठी चालणं मला कळतं. जुन्या घरासाठी, त्याच उंबऱ्यासाठी आणि त्याच शिळ्या भाकरीसाठी चालणं जास्त विलक्षण वाटतं.

परत आलेल्या कुत्र्याचं आपल्याकडं स्वागत ठरलेलं. आधी शिव्या. "कुठं मेला होतास रे?" कुत्रं कान पाडतं, शेपूट पायांत घेतं, नजर चुकवतं, आणि आपण म्हणतो, बघा, चूक कळली त्याला. त्याला काही कळलेलं नसतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली दाखवलं की हा अपराधी चेहरा कुत्र्यानं काही केलं की नाही यावर ठरत नाही, आपण रागावलो की नाही यावर ठरतो. तो आपल्या आवाजाला उत्तर देत असतो. त्याच्या आत चाललेलं निराळंच असावं. 2022 साली जपानमधल्या ताकेफुमी किकुसुई यांच्या गटानं, पाच-सात तास दूर राहिलेला मालक भेटला की कुत्र्याच्या डोळ्यांत पाणी वाढतं, हे मोजून दाखवलं. ओळखीचा पण दुसरा माणूस भेटल्यावर तसं झालं नाही. काही तासांच्या ताटातुटीला ही तऱ्हा. आईला लेकरू बिलगल्यावर ऑक्सिटोसिन नावाचं जे संप्रेरक वाढतं, त्याच्याशीच हे पाणी त्यांनी जोडलं.

शिव्या झाल्या की दूध-भाकरी. ती थोडी थोडी द्यावी, दोन दिवसांच्या उपाशी पोटाला एकदम पोटभर सोसत नाही. त्याआधी अंग चाचपावं, कानामागच्या गोचिडी आणि पंजातले काटे बघावेत. चावल्याची खूण दिसली तर हात न लावता साबण-पाण्यानं धार धरून धुवावी आणि जनावरांच्या दवाखान्यात न्यावं. रेबीजची लस आधी टोचलेली असली तरी न्यावं.

राहिला गळ्यातला ओळखीचा पट्टा. शहरात कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. पुष्कळांना वाटतं की ती चिप कुत्रं कुठं आहे ते सांगते. नाही सांगत, तिच्यात बॅटरीच नसते, आणि वाचायचं यंत्र अंगाजवळ धरल्याशिवाय ती मुकी. उंद्रीच्या स्टँडवर ते यंत्र कुणाच्या खिशात असणार? त्यापेक्षा चिखलीच्या बाजारात भांड्यांचं दुकान गाठावं. लग्नाच्या ताटवाट्यांवर नावं कोरणारं ते कर्रकर्र वाजणारं मशीन असतं ना, त्यावर पितळेच्या एका चकतीवर फोन नंबर कोरून घ्यावा आणि पट्ट्याला अडकवावा. पेननं लिहिलेला नंबर एका पावसात जातो. शक्यतो दोन नंबर टाकावेत, त्यांतला एक घरी असणाऱ्या बाईमाणसाचा, कारण पोरं सिम बदलतात. आणि दुकानदार विचारेलच, "नाव काय टाकू?" तर कुत्र्याचंच सांगा. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली, तर ते निदान थांबून बघेल.